कणकेची कोंबडी

खांग साहेबांनी भाषण संपवलं, माईक खाली ठेवला आणि मंचापासून आपल्या टेबलापर्यंत येईस्तोवर सगळा गोडवा तोंडातून पुसून टाकला. वीस पावलंसुद्धा नसतील. एवढ्या थोडक्यात एवढं बदलायला माणूस पुढारीच असावा लागतो.

भाषण मात्र झकास झालं होतं. नवव्या महिन्यातली देवाची जत्रा, तैवानातल्या तिंगवेई गावाचा मुख्य रस्ता अडवून मांडलेली साठ गोल टेबलं, वर लाल-निळा मांडव. महिन्याभरावर निवडणूक आलेली, आणि ग्रामकचेरीचे प्रमुख खांग साहेब पुन्हा उभे. "व्हिएतनामहून, इंडोनेशियाहून आपल्या गावात आलेल्या सुना म्हणजे तिंगवेईचं सोनं आहे," साहेब म्हणाले होते. "त्यांची लेकरं ती आपली लेकरं." लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढचं पान वाढायचं थांबलं होतं.

लुयेन वाफवलेला मासा घेऊन मुख्य टेबलापाशी आली तेव्हा साहेब नुकतेच बसत होते. मंचावर सनईवाल्यांनी जोर धरला होता. माशाचं डोकं मानाच्या पाहुण्याकडे येईल असं ताट फिरवून ठेवायचं, म्हणून ती साहेब आणि त्यांचे सचिव लू यांच्या मधे वाकली. आणि तिच्या कानापासून हातभर अंतरावर साहेब लूंना म्हणाले, "आयात केलेल्या पोटची पोरं. कातडीही काळवंडलेली आणि डोकंही. पण मतपेटीला रंग कळत नाही, म्हणून हसत राहायचं."

सचिव लू हसत राहिले. त्यांना त्याचाच पगार होता.

लुयेन मेकाँगच्या खोऱ्यातल्या एका बदकवाल्याची मुलगी. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन तिंगवेईला आली. गावची भाषा आज ती अशी बोलते की मासळीबाजारातल्या म्हाताऱ्यासुद्धा तिच्याशी भाव करताना दमतात. साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण टेबलाच्या पायासमोर कुणी आवाज खाली करतं का? तिनं ताट ठेवलं, माशाचं डोकं साहेबांकडे वळवलं आणि मागे चुलींकडे निघून गेली. रस्सा थेंबभरही सांडला नव्हता, कारण सासूबाईंच्या हाताखाली चौदा वर्षं काढल्यावर तेवढं अंगात येतं.

शेजारच्या टेबलावर शाळेतल्या वेन बाई बसल्या होत्या. त्या फोनवर सनईवाल्यांचं चित्रण करत होत्या. चित्रात एका कडेला खांग साहेब लूंच्या कानाशी लागलेले, मधे ताट धरलेली लुयेन, आणि तिचा चेहरा. आवाज म्हणाल तर सनईशिवाय काही नाही. पण वेन बाईंनी साहेबांचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते शब्द न् शब्द लिहून त्या चित्रासकट फोनवरून जगाच्या हवाली केलं.

मग काय विचारता. तैपेईच्या वाहिन्यांनी दोन दिवस तेच दळण दळलं. खांग वंशद्वेष्टे आहेत की नाहीत यावर चार पुरुष आणि एक बाई भांडत बसले. त्या पाचांत एकही जण बाहेरून आलेल्या सुनेच्या पोटचा नव्हता. त्यातल्या एकानं तर, असं बोलणं म्हणजे खेड्यातला भाबडेपणा, त्यात द्वेष कुठला, असा निवाडाही देऊन टाकला. तिंगवेईत भाबडेपणा किती आहे ते लसणाच्या व्यापाऱ्यांना विचारावं.

साहेबांनी पत्रकार बोलावले. "हा फांग बाईंचा डाव आहे," ते म्हणाले. फांग बाई म्हणजे विरोधी उमेदवार. "मी असं बोलेनच कसा? माझ्या आईला सांभाळायला इंडोनेशियाची मुलगी आहे. आम्ही तिला घरच्यासारखं वागवतो." हे मात्र खरं होतं. घरच्यासारखंच, म्हणजे रविवारीसुद्धा सुट्टी नाही.

आता सगळं अडलं ते लुयेनपाशी. वेन बाई म्हणतात बोलले, साहेब म्हणतात नाही बोललो, आणि चित्रात मधोमध उभी असलेली बाई काय म्हणते?

"तू ऐकलंस?" सासूबाईंनी विचारलं. सासूबाई म्हणजे थान काकू, पंचक्रोशीतल्या सगळ्यात नावाजलेल्या आचारी. लग्न असो, बारसं असो, देवाची जत्रा असो, रस्त्यावरचं जेवण त्यांच्याच हातचं. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या जेवणात मीठ कमी पडू दिलं नव्हतं आणि कुणाच्या भांडणात तोंड घातलं नव्हतं.

"ऐकलं," लुयेन म्हणाली.

"नाही ऐकलंस." थान काकू बदकाची पिसं उपटत होत्या, मान वर केली नाही. "सनई वाजत होती. ग्रामकचेरीची सगळी जेवणं आपल्याकडे आहेत. खांग काय, फांग काय, सगळे खातात आपल्याच हातचं. तुला ऐकू आलं नाही, एवढंच सांगायचं. लोकांना सांगितलेलं खोटं काही अंगाला चिकटत नाही."

लुयेननं नवऱ्याकडे पाहिलं. कुओ-तुंग डुकराच्या पायाचे तुकडे करत होता. "आई म्हणते तसं कर," तो म्हणाला. चौदा वर्षांत त्याचं दुसरं वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिनं तसंच केलं. जो येईल त्याला सांगितलं, सनई मोठी होती, मला काही ऐकू आलं नाही. सांगताना तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं चूल पेटत नाही, असंही तिनं स्वतःला समजावलं.

एका माणसाला मात्र समजावता येत नव्हतं. यी-आन, तिची बारा वर्षांची मुलगी. गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेत गावच्या भाषेत जिल्ह्यात पहिली आलेली. शाळेतल्या पोरांनी आता तिचं नाव 'आयात' ठेवलं होतं. "आयात, पट्टी दे." "आयात, तुझी मुदत कधी संपते?" पोरं ती, त्यांना मोठ्यांनी दिलेलं खेळणं मिळालं होतं.

"आई, तू तिथेच उभी होतीस," यी-आन म्हणाली. "तू ऐकलंस ना?"

"सनई..."

"वेन बाई तुझ्याहून लांब होत्या. त्यांना ऐकू आलं." पोरीनं दप्तर उचललं. "बाईंना सगळे खोटारडी म्हणतायत. तुझ्यामुळे." आणि ती आत गेली.

त्याच आठवड्यात फांग बाई दारात आल्या. मागे दोन कॅमेरे आणि एक तरणा पोऱ्या हातात ताडपानांची टोकदार टोपी घेऊन, व्हिएतनामच्या शेतांत बायका घालतात तसली. फांग बाईंनी लुयेनचे दोन्ही हात हातात घेतले, डोळे भरून आणले. ती कला त्यांच्याकडे होती.

"बहिणी, तुझ्यावर अन्याय झालाय," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. जाकार्तामध्ये तुझे आईवडील हे ऐकून किती रडत असतील."

"मी व्हिएतनामची," लुयेन म्हणाली.

"तेच ते. एवढं घाल." टोपी तिच्या डोक्यावर आली. लुयेननं असली टोपी लग्नानंतर कधी घातली नव्हती. चुलीपाशी घातली असती तर पेटली असती. "आता कॅमेऱ्यात बघून सांग, काय ऐकलंस ते. आणि बघ, एवढं फडाफडा बोलू नकोस. थोडं अडखळत बोल. लोकांच्या काळजाला भिडतं."

लुयेननं टोपी काढून त्या पोऱ्याच्या हातात दिली. "मी अडखळत नाही हो ताई," ती म्हणाली. "तुमचंच गावच्या भाषेत अडतं. आणि मला काही ऐकू आलं नाही."

फांग बाई तैपेईत शिकलेल्या, त्यांना गावची भाषा खरंच अर्धीमुर्धी यायची. चेहरा क्षणभर आंबट झाला. बाहेर जाऊन त्यांनी कॅमेऱ्याला सांगितलं की ती बिचारी दहशतीखाली आहे. टोपी त्यांनी शेवटी स्वतःच घातली. त्या दिवशी लुयेनला पहिल्यांदा कळलं की एकजण तिला तुच्छ मानून हसतो आणि दुसरी तुच्छ मानून रडते.

इकडे खांग साहेबांची मतं गळायला लागली होती. बाहेरून आलेल्या सुना गावात तीनशेच्या वर. त्यांचे नवरे, सासवा, दीर धरले तर आकडा बरा नव्हता. तेव्हा साहेबांनी हुकमी पान काढलं. येत्या रविवारी सकाळी नगरदेवापुढे कोंबडीचं मुंडकं उडवून शपथ घेणार, त्यांनी जाहीर केलं.

तिंगवेईत माणसाचा पोलिसांवर विश्वास नाही, न्यायाधीशावर नाही, बायकोवरही बेताचाच. पण नगरदेवावर आहे. मेल्यावर सगळ्यांना त्याच्याचपुढे उभं राहायचंय. आळ आला आणि पुरावा नसला की त्याच्या देवळात जायचं, मी खोटा असेन तर ही शपथ माझ्यावर आणि माझ्या पोराबाळांवर फिरो म्हणायचं, आणि सुरी चालवायची. खोटी शपथ घेतलेल्यांच्या घरांत पुढे काय काय झालं, याच्या कहाण्या गावातलं शेंबडं पोरही सांगतं. त्यामुळे साहेबांनी शपथेचं नाव काढताच अर्ध्या गावाचा निकाल झाला. एवढं छातीठोक म्हणतोय म्हणजे बोलला नसेल.

फक्त कोंबडी खरी नसणार होती. तैपेईच्या प्राणीमित्रांनी आधीच ओरड केली होती, आणि वंशद्वेष्टा ठरण्याच्या घाईत कोंबडीद्वेष्टाही ठरणं परवडणारं नव्हतं. म्हणून कणकेची कोंबडी करायचं ठरलं. वाफवलेली, तुरा लाल, डोळ्यांच्या जागी काळे तीळ. काम अर्थात थान काकूंकडे आलं, आणि थान काकूंकडे कणकेतलं नाजूक काम कोण करतं, तर लुयेन. तिनं दोन शेर पीठ मळलं आणि पंख कातरीनं एकेक कापले.

ती पंख कापत असतानाच सचिव लू आले. एका हातात अननसाच्या वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र. 'आदर्श परदेशी सून', खाली खांग साहेबांची सही.

"वहिनी, अभिनंदन," लू म्हणाले. "ग्रामकचेरीनं एकमतानं निवड केलीय."

"कधीपासून आदर्श झाले मी?"

"तुम्ही होताच हो. आम्हाला उशिरा कळलं." लूंनी खुर्ची ओढली. "बरं, रविवारी तुम्हीही या देवळात. साहेबांच्या शेजारी उभं राहायचं. साहेब शपथ घेतील बोललो नाही म्हणून, तुम्ही घ्यायची ऐकलं नाही म्हणून. दोन ओळी."

लुयेनची कातरी थांबली. "मी शपथ?"

"तुम्हीच सगळ्यांना सांगताय ना, ऐकू आलं नाही? मग देवाला सांगायला काय हरकत आहे?"

तिनं सासूकडे पाहिलं. थान काकूंचा हात पातेल्यातच राहिला होता. लोकांना सांगितलेलं खोटं अंगाला चिकटत नाही, हे त्यांचंच वाक्य. देवाबद्दल त्यांनी काही म्हटलं नव्हतं.

"शपथ कशाला हवी?" काकू पुटपुटल्या. "ती म्हणालीय ना."

"काकू, नाही म्हणाली तर लोक समजायचं ते समजतील. मग नवीन वर्षाचं जेवण, जत्रेचं जेवण, साहेबांना विचार करावा लागेल." लू हे अगदी हसून बोलले. त्यांनी खिशातून पिवळा कागद काढला. देवापुढे वाचून जाळायचा तो कागद. "नाव?"

लुयेननं नाव सांगितलं.

"अपत्य?"

"एक मुलगी. यी-आन."

"पत्ता घर क्रमांकासकट सांगा. नाहीतर देवाला घर सापडत नाही. जन्मतिथी? वेळ?"

"पहाटेची. बदकं सोडायच्या वेळची," ती म्हणाली. लूंनी ते घटकेत बसवून सुबक अक्षरात लिहिलं. गंमत म्हणजे एक क्षण तिला बरं वाटलं. चौदा वर्षांत या देशात तिची जन्मवेळ कुणी विचारली नव्हती. मग यी-आनचं नाव त्या पिवळ्या कागदावर ओलं दिसलं, आणि तिनं कातरी खाली ठेवली.

लू गेल्यावर ती सासूला म्हणाली, "आई, पोरीवर येईल."

"ओठ हलव," थान काकू म्हणाल्या. "आवाज काढू नकोस. न उच्चारलेली शपथ धरत नाहीत म्हणे."

"कोण म्हणे?"

काकूंनी पातेलं ढवळायला घेतलं. त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. त्या रात्रीचं जेवण कुणाला गोड लागलं नाही, आणि अननसाच्या वड्या कुणी फोडल्या नाहीत.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दोनशे माणूस आत, तितकंच बाहेर. फांग बाई टोपीसह हजर. वेन बाई कोपऱ्यात एकट्या, त्यांच्याभोवती वावभर जागा मोकळी, जणू त्यांना खोकला झाला होता. खांग साहेब पांढराशुभ्र सदरा घालून आलेले. मागे त्यांची बायको, कडेवर नातू. सचिव लू कॅमेरेवाल्यांना जागा करून देत होते. मधोमध लाल ताटात लुयेनची कोंबडी बसली होती. सगळ्या देवळात तेवढी एकच प्रामाणिक दिसत होती.

यी-आन आजीला चिकटून उभी होती. आईकडे बघत नव्हती. लुयेननं ठरवलं होतं, ओठ हलवायचे. वाटेतसुद्धा तिनं दोनदा तसं करून पाहिलं होतं.

देवळाचे पुजारी चिउ आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी उदबत्त्या लावल्या आणि साहेबांचा पिवळा कागद डोळ्यांजवळ नेला. देवाला ऐकू जावं म्हणून ते खणखणीत वाचत.

"खांग चाओ-शिउंग. जन्म तिसऱ्या महिन्यातल्या अकराव्या तिथीला, भर दुपारी. राहणार मंडई रस्ता, अडुसष्ट क्रमांक."

कुणीतरी खाकरलं.

मंडई रस्ता अडुसष्ट म्हणजे लसणाचं जुनं गोदाम. निवडणुकीपुरतं तिथं साहेबांचं कार्यालय, एरवी उंदीर. आणि साहेबांचा जन्म तिसऱ्या महिन्यातला? दरवर्षी आठव्या महिन्याच्या सोळाव्या तिथीला, चंद्रोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, मुख्य रस्ता बंद होतो, मांडव पडतो आणि अख्खं तिंगवेई खांग साहेबांच्या वाढदिवसाला जेवतं. देवळातल्या त्या दोनशे लोकांत तिथं न जेवलेला माणूस शोधून सापडला नसता. सगळ्यांना एका क्षणात कळलं. देवानं शिक्षा करायला यायचं ठरवलं तर त्यानं भलत्या तिथीला जन्मलेला माणूस उंदरांच्या गोदामात शोधत बसावं, अशी ही तजवीज होती. पुढाऱ्याची कातडी गेंड्याची असते हे लोकांना माहीत होतं. पण देवाच्या डोळ्यांत धूळ फेकायचा निलाजरेपणा त्यांनीसुद्धा पहिल्यांदाच पाहिला. आणि पाहून काय केलं? कुणी वर छताकडे बघितलं, कुणी चपलेकडे. दोघंतिघं गालातल्या गालात हसले. बोललं कुणी नाही. साहेब निवडून आले तर मुलाला कचेरीत चिकटवायचं होतं, दारापुढची गल्ली पक्की करून घ्यायची होती.

चिउ आजोबांनी दुसरा कागद उचलला. लुयेनचं नाव, बरोबर. तिथी बरोबर. वेळ, बदकं सोडायचीच घटका. घर क्रमांक, गल्ली, गल्लीतलं वळण, अपत्याचं नाव यी-आन, सगळं कसं मोत्यासारखं लिहिलेलं.

तेव्हा लुयेनला उमगलं. त्या देवळातून देवाला सापडेल असं घर एकच निघणार होतं. साहेब बोलले होते, आणि फिरणार होतं ते तिच्या पोरीवर. तिला भीती वाटायची थांबली. तिला इतका राग आला की कानशिलं तापली, आणि रागाच्या तळाशी या माणसाची निव्वळ किळस होती. नुसता खोटारडा असता तर चाललं असतं. हा तर भित्राही होता.

"वाच आता, पोरी," आजोबा म्हणाले.

"आजोबा," लुयेन म्हणाली, "साहेबांची तिथी चुकलीय."

सचिव लू पुढे सरकले. "वहिनी, मधे बोलायचं नसतं. तुम्हाला इथली रीत ठाऊक नाही."

"तेच ना. मी बाहेरची, मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नसेल." ती अगदी नम्रपणे बोलत होती, आणि न अडखळता. "देव म्हातारा आहे, उगाच गोदामात हेलपाटा पडेल. साहेबांचा जन्म आठव्यातल्या सोळाव्याचा. महिन्यापूर्वीच तर आम्ही जेवण केलं. ऐंशी टेबलं होती."

साहेब हसले. हसू मोठं होतं. "मुली, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. इतक्या घरची जेवणं करता तुम्ही."

चिउ आजोबांनी कागद खाली घेतला. "थान काकू," ते म्हणाले, "तुमची सून म्हणते ते खरं का?"

देवळातलं प्रत्येक डोकं थान काकूंकडे वळलं. लू त्यांच्याकडे टक लावून बघत होते आणि त्या नजरेत पुढच्या चार वर्षांची सगळी जेवणं होती. काकूंनी खांद्यावर टाकलेल्या पंच्याला हात पुसले. नातीकडे पाहिलं. मग त्यांना राहवलं नाही.

"ऐंशी नाही," त्या म्हणाल्या. "ब्याऐंशी."

पहिल्यांदा मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं, मग हसू देवळाबाहेर गेलं. चिउ आजोबांना हसू आलं नाही. त्यांनी कोरा पिवळा कागद काढला आणि कुंचला शाईत बुडवला. "कारकुनाची चूक होते कधीकधी," ते म्हणाले. "सांगा साहेब, नीट लिहून घेतो. आठवा महिना, सोळावी. घरचा पत्ता ठाऊक आहे मला. वेळ कोणती? आणि मुलं, नातवंडं, त्यांची नावं."

खांग साहेबांचं तोंड उघडं होतं, पण त्यातून वेळ येत नव्हती.

"अहो, नाही हं," मागून त्यांची बायको म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथं सनई वाजत नव्हती. "नातवाचं नाव नाही घालायचं." आणि पोराचं डोकं छातीशी दाबून ती गर्दीतून वाट काढत बाहेर पडली. नवऱ्यानं काय म्हटलं असेल ते तिला वेन बाईंकडून ऐकायची गरज नव्हती. ती पस्तीस वर्षं रोज ऐकत होती.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मत्स्यपालकांच्या सभेला उशीर होतोय, देवाला वेठीस धरून राजकारण करणाऱ्यांचा मी निषेध करतो, शपथ सवडीनं घेऊ, असं काहीसं बोलून ते निघाले. लू त्यांच्या पाठोपाठ. सुरी तशीच राहिली.

"तुझा कागद फाडून टाकू का?" चिउ आजोबांनी लुयेनला विचारलं. "आता लागणार नाही."

"नको," ती म्हणाली. "पत्ता बरोबर आहे. फक्त दोन ओळी बदला."

तिनं उदबत्ती घेतली आणि नगरदेवाच्या काळ्या तोंडाकडे बघून, गावच्या भाषेत, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं सांगितलं की मी लोकांशी खोटं बोलले, त्याची क्षमा असावी. मी ऐकलं. मग साहेबांचं वाक्य तिनं पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत म्हटलं. आयात केलेल्या पोटची, कातडी, डोकं, मतपेटी, सगळं. हे खोटं असेल तर माझ्यावर आणि माझ्या यी-आनवर फिरो. आणि सुरी उचलून तिनं स्वतःच घडवलेल्या कोंबडीचं मुंडकं एका घावात उडवलं.

फांग बाई धावत आल्या. "बहिणी, कॅमेऱ्यापुढे पुन्हा एकदा म्हण. या बाजूला ये, इथं उजेड आहे."

"देवाला एकदा सांगितलं," लुयेन म्हणाली. "तुम्हाला कशाला परत?"

वेन बाई कोपऱ्यात रडत होत्या. यी-आन आजीला सोडून आईपाशी आली आणि तिचा पिठाचा हात धरून उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, साहेब आपटले असतील. छे. निवडून आले. मतं कमी पडली, पण आले. दारापुढच्या गल्ल्या पक्क्या व्हायच्या होत्या. तैपेईच्या वाहिन्यांना तोवर दुसरा कुणी सापडला होता. थान काकूंकडची कचेरीची जेवणं गेली. काकू महिनाभर सुनेशी जेमतेम बोलल्या आणि नंतर एके दिवशी 'आदर्श परदेशी सून'च्या चौकटीची काच काढून मागच्या फळीनं पातेलं झाकायला लागल्या.

आणि पुढच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात, अकराव्या तिथीला, तिंगवेईचा मुख्य रस्ता बंद झाला. मांडव पडला. खांग साहेबांचा वाढदिवस. खरी तिथी हीच, आधी घरच्यांचा गोंधळ होता, असं पत्रिकेतच छापलं होतं. आचारी शेजारच्या गावचा. शंभर टेबलं लागली आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. देवळात गालातल्या गालात हसलेले, चपलेकडे बघितलेले, सगळे आले, साहेबांना दीर्घायुष्य चिंतून पोटभर जेवले. रस्सा अळणी होता म्हणे.

लुयेनच्या गल्लीत फटाक्यांचे आवाज येत होते. ती आणि यी-आन अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. शेजारची नवी भाडेकरीण, गेल्याच आठवड्यात गावात आलेली, दारातून डोकावली. "एवढा गाजावाजा कसला हो? आज वाढदिवस आहे का कुणाचा?"

यी-आननं आईकडे पाहिलं.

"नाही," लुयेन म्हणाली. "कुणाचाच नाही."